फॉलिकची गोळी रोज कशासाठी?

सिकलसेल असलेल्या मुलांच्या आया आरोग्य शिबिरात एक प्रश्न हमखास विचारतात. "ही बारकी पिवळी गोळी वर्षानुवर्षं चालू आहे. आजार तर जात नाही. मग महिनाभर नाही दिली तर काय बिघडतं?" प्रश्न रास्त आहे आणि "सांगितलं तेवढं करा" हे त्याचे उत्तर नव्हे. जे घर मजुरी बुडवून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहते, त्या घराला ती गोळी पोटात जाऊन नेमके काय करते हे कळलेच पाहिजे. दुसरा प्रश्न कॅप्सूलचा. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू झाली की कोणीतरी सांगतो, "अगं, हे तर कॅन्सरचं औषध," आणि आई घाबरून ती बंद करते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. पेशी दोन होण्याआधी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते, त्या कामात. आज ते काम जरा निवांत पाहू.

आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मगज असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात, दवाखान्यात बोन मॅरो. निरोगी मोठ्या माणसाच्या मगजात दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी तयार होतात. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून एवढ्या उत्पादनावर भागते. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी मात्र 10 ते 20 दिवसांतच फुटते. मगजाला कित्येक पट जास्त काम करावे लागते, तेही आयुष्यभर, एक दिवसाचीही सुट्टी न घेता. अंगात फिरणाऱ्या तांबड्या पेशीत डीएनए नसतो, मगजातून बाहेर पडण्यापूर्वीच ती तो टाकून देते. पण तिच्या आधीच्या पिढ्या मगजात एकाच्या दोन, दोनाच्या चार अशा वाढत असतात, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी आधी डीएनएची पूर्ण प्रत काढावी लागते.

हे काम केवढे मोठे आहे ते बघा. एका पेशीतला डीएनए म्हणजे 600 कोटींहून अधिक अक्षरांचा ग्रंथ. अक्षरे चारच आहेत, ए, टी, जी आणि सी. हा ग्रंथ 46 खंडांत, म्हणजे गुणसूत्रांत, विभागलेला आहे. सगळे धागे टोकाला टोक जोडले तर लांबी सुमारे 2 मीटर भरेल आणि ते बसलेले असतात डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीच्या केंद्रकात. डीएनए दुपदरी असतो. प्रत काढताना दोन पदर वेगळे होतात आणि प्रत्येक पदरासमोर नवा जोडीदार पदर गुंफला जातो. ए समोर टी, जी समोर सी. ज्या जागी पदर उलगडत जातात तिथे इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार होतो, त्याला आपण फाटा म्हणू. हा फाटा पुढे सरकतो आणि मागे प्रत तयार होत जाते.

माणसाच्या पेशीत एक फाटा सेकंदाला साधारण 50 अक्षरे उतरवतो. ऐकायला हे जलद वाटते, पण हिशेब करून पाहू. आपले पहिले गुणसूत्र सर्वांत मोठे, सुमारे 24 कोटी 90 लाख अक्षरांचे. त्याच्या मधोमध एकाच जागी काम सुरू केले आणि तिथून दोन फाटे दोन दिशांना निघाले, तर दोघे मिळून सेकंदाला 100 अक्षरे उतरवतील. पूर्ण व्हायला लागतील 24 लाख 90 हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ 29 दिवस. प्रत्यक्षात आपली पेशी सगळ्या 46 गुणसूत्रांचे काम साधारण 8 तासांत उरकते. मग ती हे जमवते कसे?

आपल्या वस्त्यांतल्या विहारांत अभ्यासिका असतात. समजा स्पर्धा परीक्षेचे एकच जाडजूड पुस्तक आहे, ते उद्या सकाळी परत करायचे आहे, झेरॉक्सला पैसे नाहीत आणि अभ्यासिकेत चाळीस पोरे आहेत. एकाने पहिल्या पानापासून उतरवायला घेतले तर महिना जाईल. शहाणी पोरे पुस्तकाची शिवण उसवतात, पाने वाटून घेतात आणि चाळीस वह्यांत एकाच वेळी काम सुरू होते. रात्रीत पुस्तक तयार. कोणाचाही हात नेहमीपेक्षा जलद चाललेला नसतो, काम सुरू होण्याच्या जागा तेवढ्या वाढलेल्या असतात.

पेशी हेच करते. तिच्या डीएनएवर ठिकठिकाणी आरंभाच्या जागा आहेत. एका पेशीच्या एका फेरीत अशा सुमारे 30 ते 50 हजार जागांवरून काम सुरू होते. प्रत्येक जागेवरून दोन फाटे विरुद्ध दिशांना निघतात, शेजारच्या जागेवरून आलेल्या फाट्याला भेटतात आणि तिथे दोन तुकडे सांधले जातात. पुस्तकाचा दाखला इथे थोडा अपुरा पडतो. पोरगा आपले पान संपले की थांबतो. फाट्याला आपली हद्द ठाऊक नसते, समोरून दुसरा येईपर्यंत तो चालतच राहतो.

जंतूंचे तसे नाही. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा डीएनए अवघा 46 लाख अक्षरांचा आणि गोल कड्यासारखा असतो. त्याला आरंभाची जागा एकच. त्याचे फाटे मात्र आपल्यापेक्षा खूप वेगवान, सेकंदाला सुमारे 1000 अक्षरे, त्यामुळे 40 मिनिटांत त्याचे काम भागते. आपण वेगाने नाही, संख्येने जिंकतो. याचा सर्वांत गमतीचा नमुना पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांच्या अंड्यात दिसतो. अंड्यातला गर्भ अगदी सुरुवातीला आपला सगळा डीएनए 3-4 मिनिटांत उतरवून काढतो. फाट्यांचा वेग त्यासाठी वाढत नाही. आरंभाच्या जागा एकमेकींच्या खूप जवळजवळ चालू होतात आणि त्याही जवळपास एकदम.

हे सगळे कोणी डोळ्यांनी पाहिले, असा प्रश्न कोणीही विचारावा. 1968 साली जोएल ह्युबरमन आणि आर्थर रिग्ज या दोन शास्त्रज्ञांनी चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी 'टी' खाऊ घातला. मग त्या पेशी हलकेच फोडून डीएनएचे धागे काचेवर पसरवले, वर फोटोच्या फिल्मचा लेप दिला आणि काचा अंधारात महिनोनमहिने ठेवल्या. नवे अक्षर जिथे जिथे गुंफले गेले होते, तिथे लेपावर काळे ठिपके उमटले. धाग्यावर एक लांब रेघ दिसली नाही. थोड्या थोड्या अंतरावर तुटक रेघांची रांग दिसली आणि रेघा दोन्ही टोकांना वाढत असल्याच्या खुणाही मिळाल्या. आरंभाच्या जागा अनेक असतात हे त्या ठिपक्यांनी सिद्ध झाले.

त्याच सुमारास जपानचे रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी हे पतिपत्नी प्रत्येक फाट्यावर एक पदर सलग आणि दुसरा छोट्या तुकड्यांत तयार होतो हे दाखवत होते. रेजी हिरोशिमाचे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते किशोरवयीन होते. 1975 साली रक्ताच्या कॅन्सरने ते गेले तेव्हा वय होते 44. पुढचे काम त्सुनेकोबाईंनी चालवले.

आता अडचण अशी की पन्नास हजार जागांवर काम चालू असताना एकच पान दोनदा उतरवले जाणार नाही, आणि एकही पान सुटणार नाही, हे कोण पाहते? तिथे मुकादम कोणीच नसतो. पेशी ते वेळेच्या शिस्तीने साधते. काम सुरू होण्याच्या कितीतरी आधी प्रत्येक संभाव्य जागेवर प्रथिनांचे एक जोडकाम बसवले जाते. त्याला परवाना म्हणा, शास्त्रज्ञही तोच शब्द वापरतात. त्यात डीएनएचे पदर उलगडणारी कडी असते. एकदा प्रत काढण्याचा काळ सुरू झाला की नवे परवाने देणे कडेकोट बंद. ज्या जागेवरून काम निघाले तिथला परवाना वापरला जाऊन संपतो आणि पुढच्या पेशीविभाजनापर्यंत पुन्हा मिळत नाही. म्हणून कोणतेही पान दोनदा उतरत नाही.

आणि सुटत का नाही? कारण पेशी गरजेपेक्षा खूप जास्त परवाने वाटून ठेवते. त्यातले बहुतेक वापरलेच जात नाहीत. बाजूचा फाटा वरून निघून जातो आणि परवाना आपोआप रद्द होतो. पण एखादा फाटा मध्येच अडला तर शेजारची झोपलेली जागा जागी होते आणि तिथून काम सुरू होते. हे राखीव गडी आहेत. परवान्याच्या यंत्रणेतच जन्मतः दोष असेल तर काय होते तेही माहीत आहे. मायर-गोर्लिन नावाचा एक दुर्मीळ आजार आहे, त्यात मूल ठेंगणे राहते, कान लहान असतात, गुडघ्याची वाटी लहान असते किंवा नसतेच. 2011 साली त्याचे मूळ परवाना बसवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत सापडले. पेशी पुरेशा संख्येने वाढल्याच नाहीत, तर अंग वाढणार कुठून?

एक गोष्ट सांगायची राहिली. पन्नास हजार जागा एकदम सुरू झाल्या असत्या तर वरच्या हिशेबाने वीसेक मिनिटांत काम संपले असते. पेशी तसे करत नाही, टप्प्याटप्प्याने जागा उघडते. काम चालवणारी प्रथिने मोजकी असतात आणि अक्षरांचा साठाही मोजकाच. तो वापरता वापरता नवा तयार करावा लागतो.

इथे आपण त्या पिवळ्या गोळीपाशी पोचलो. चार अक्षरांपैकी 'टी' हे अक्षर तयार करायला फॉलिक आम्ल लागते. ते कमी पडले की अभ्यासिकेत पोरे आहेत, वह्या आहेत, पण शाई नाही अशी गत होते. फाटे रेंगाळतात. 'टी' मिळाले नाही तर यंत्रणा त्याच्या जागी 'यू' हे चुलत अक्षर बसवते, दुरुस्ती करणारी प्रथिने ते कापून काढतात, तिथे पुन्हा 'यू' बसतो, पुन्हा कापतात, आणि धागा तुटू लागतो. पेशीचे अंग मात्र वाढतच असते. दोन होता येत नाही म्हणून ती फुगते. मगजात अशा मोठ्या, अर्धवट पेशी साठतात, बऱ्याच तिथेच मरतात, आणि रक्त कमी पडते.

ही फुगलेली पेशी आणि फॉलिकचा शोध, दोन्हींचे नाते मुंबईच्या गिरणगावाशी आहे हे फार जणांना माहीत नसते. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गरोदर बायांमध्ये एक भयंकर पंडुरोग दिसत होता आणि तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने जंतू शोधले, सापडले नाहीत. मग ताटाकडे पाहिले. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, मांस नावालाच होते, त्याच बाया आजारी पडत होत्या. यीस्टचा अर्क दिला आणि त्या बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली तिने हे प्रसिद्ध केले. त्या अर्कात काय होते हे तेव्हा कळले नव्हते. 1941 साली पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला गेला आणि फॉलिक हे नाव पानांवरून पडले. पुढे तो कारखान्यात तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. गिरणीतल्या त्या बायांची नावे कुठल्याच पुस्तकात नाहीत. आज सगळ्या जगात गरोदर बाईला फॉलिकची गोळी देतात, तिची सुरुवात त्यांच्या रक्ताच्या थेंबांपासून झाली.

सिकलसेलच्या मुलाचा मगज कित्येक पट जोराने चालतो, म्हणजे कित्येक पट 'टी' खातो. साध्या जेवणातून मिळणारे फॉलिक तिथे अपुरे पडू शकते. गोळी आजार बरा करत नाही हे खरेच. ती मगजाला शाई पुरवते. गोळी बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी काही दिसणार नाही, कारण यकृतात थोडा साठा असतो. तो काही महिन्यांत संपतो आणि हिमोग्लोबिन खाली जायला लागते. तेव्हा आईच्या लक्षातही येत नाही की सुरुवात गोळी सोडण्यापासून झाली.

आता कॅप्सूल. हायड्रॉक्सियुरिया पेशीतला अक्षरांचा साठा कमी करते. फाटे मंदावतात. खरे तर शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मुद्दाम फाटे अडवायला हेच औषध वापरतात, आणि राखीव जागा जाग्या होतात हे त्यांना याच्याच मदतीने दिसले. रक्ताच्या काही कॅन्सरांत पेशी बेसुमार वाढतात, त्यांना आवर घालायला हे औषध दिले जाते. दुकानदार सांगतो ते खोटे नाही, पण अर्धे आहे. सिकलसेलमध्ये ते मोजूनमापून दिले जाते आणि हेतू वेगळा असतो. मगजावर असा दाब आला की तो बाळ पोटात असताना वापरात असलेले जुने, गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा जास्त प्रमाणात बनवू लागतो. ते हिमोग्लोबिन असले की तांबडी पेशी विळ्यासारखी सहजी वाकडी होत नाही. अमेरिकेत 299 रुग्णांवर झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षाला वेदनेचे साडेचार झटके येत होते तिथे औषध घेणाऱ्यांना अडीच आले.

मग एक औषध शाई पुरवते आणि दुसरे शाई कमी करते, हा विरोध नाही का? नाही. हायड्रॉक्सियुरिया चारही अक्षरांच्या कच्च्या मालावर, ठरलेल्या मात्रेत आणि काही तासांपुरता लगाम लावते. फॉलिकच्या अभावात 'टी' दिवसरात्र तुटतो आणि त्यावर कोणाचेच नियंत्रण नसते. म्हणून डॉक्टर दोन्ही एकत्र देतात.

कॅप्सूलचा गुण दिसायला काही महिने लागतात. दोन महिन्यांत फरक नाही म्हणून सोडू नका आणि बरे वाटते म्हणूनही सोडू नका, थांबवले की गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा उतरते. तिचा लगाम पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटवरही पडतो. त्यासाठीच ठरल्या तारखेला रक्ताची तपासणी लागते, ती चुकवू नये. ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूल हवे असेल तर, बाई असो वा पुरुष, आधी डॉक्टरांशी बोला, गरोदरपणात हे औषध सहसा देत नाहीत.

तांबडी-लाल लोहाची गोळी आणि ही पिवळी गोळी एक नव्हे. अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणाऱ्या गोळीत लोहही असते. सिकलसेलच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवलेले असेल तर अंगात लोह आधीच साचलेले असू शकते. अशा मुलाची आई शाळेत एवढेच सांगू दे की लोहाची गोळी देण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी बघा. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल तर बी-12ची तपासणी करून घ्यावी. बी-12 कमी असताना नुसते फॉलिक घेतले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि आत नसा खराब होत राहतात. बी-12 मांस, मासे, अंडी, दूध यांत असते. फॉलिक पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे यांत. भाजी फार वेळ शिजवली आणि पाणी फेकून दिले की त्यातले बरेच निघून जाते.

सिकलसेलचे मूळ त्याच ग्रंथात आहे. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका जागी 'ए' ऐवजी 'टी' आहे, बस्स. प्रत काढणारी यंत्रणा इतकी काटेकोर की दुरुस्तीनंतर शंभर कोटी अक्षरांमागे एखादीच चूक राहते. पण ती मूळ प्रत बरोबर की चूक हे तपासत नाही, जसे आहे तसे उतरवते. आईबापांकडून आलेले हे एक अक्षर अंगातल्या प्रत्येक पेशीत विश्वासूपणे उतरत राहते. मागच्या जन्मीचे पाप, कोणाची करणी यांना त्यात कुठेच जागा नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागील जन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासताना मूल आईबापांकडून गुण घेते या शास्त्राच्या म्हणण्याकडे बोट दाखवले होते. आणि 1916 साली त्यांनीच जातीचे मूळ जातीतल्या जातीत होणाऱ्या लग्नांत आहे असे मांडले होते. पिढ्यानपिढ्या त्या कोंडवाड्यात राहिल्याने दोन वाहकांची गाठ पडण्याची शक्यताही वाढत गेली. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचे होण्याची शक्यता चारात एक असते. विदर्भातल्या आपल्या घरांत लग्न ठरण्याआधी दोघांची रक्ततपासणी झाली पाहिजे ती यासाठी, आणि तिचा कागद वधूबरोबर वरानेही दाखवला पाहिजे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणारी प्राथमिक चाचणी थोड्या मिनिटांत उत्तर देते. ती दोषी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी नावाची पुढची तपासणी होते, आणि माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, ते तिच्यात कळते. वाहकाला सहसा कसलाच त्रास नसतो, त्याला या गोळीची आणि कॅप्सूलची गरजही नसते.